व्यक्तिस्वातंत्र्य : कोणापासून आणि कोणाच्या भरवशावर?

तळेगाव दाभाड्याजवळचे आंबी हे इंद्रायणीकाठचे गाव. एकीकडून औद्योगिक वसाहत त्याच्यापर्यंत येऊन भिडली आहे, दुसरीकडे अभियांत्रिकी शिक्षणाचे मोठे आवार उभे आहे आणि उरलेल्या जमिनीत शेती चालू आहे. अशा गावात व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न येतो तो भूसंपादनाच्या नोटिशीतून, कंत्राटी कामाच्या अटींतून, वसतिगृहाच्या फाटकावर लावलेल्या वेळेतून आणि पावसाळ्यात निघणाऱ्या मनाई आदेशातून. विचारणा सगळीकडे एकच असते. माझ्या आयुष्याचा निर्णय मी घ्यायचा की दुसऱ्या कोणी? आणि दुसऱ्याने घेतला, तर त्याने मला कारण सांगायचे की नाही?

या प्रश्नावर मराठी मुलखात दीडशे वर्षे वाद चालू आहे. त्याची पार्श्वभूमी, त्यातल्या मुख्य भूमिका, न्यायालयांनी घेतलेली वळणे आणि अजून न सुटलेल्या गाठी यांचा क्रमाने आढावा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी कोणते स्वातंत्र्य?

जॉन स्टुअर्ट मिलचा स्वातंत्र्यावरचा प्रसिद्ध ग्रंथ १८५९ साली निघाला आणि पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शिकलेल्या पिढीने तो आवडीने वाचला. मराठीत मात्र या विषयाला वेगळ्याच बाजूने तोंड फुटले. जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केले होते. फुल्यांच्या मांडणीत माणसाला बांधून ठेवणारी पहिली सत्ता सरकारची नव्हती, ती जातीची आणि धर्माच्या नावाने चालणाऱ्या व्यवहाराची होती.

पुढच्या दशकात टिळक आणि आगरकर यांच्यात जो वाद झाला, तो मराठी चर्चेचा कणा आहे. कोल्हापूर प्रकरणात दोघांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. बाहेर आल्यावर काही वर्षांतच त्यांच्या वाटा फुटल्या. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढला. राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, असे या वादाचे वर्णन शाळेपासून आपण ऐकत आलो आहोत. पण खटले आणि कायदे समोर ठेवून पाहिले, तर वाद अधिक नेमका दिसतो.

रखमाबाईंचा खटला घ्या. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. नवऱ्याने १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलात तो टिकला नाही. १८८७ साली त्यांच्यापुढे दोनच पर्याय राहिले, नांदायला जाणे किंवा सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ साली पैशांवर तडजोड झाली. त्या विलायतेला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत-राजकोटला त्यांनी काम केले.

या खटल्याच्या आणि पाठोपाठ १८९१ साली आलेल्या संमतिवयाच्या कायद्याच्या निमित्ताने दोन बाजू स्पष्ट झाल्या. टिळकांचे म्हणणे असे की, घरातल्या आणि धर्मातल्या गोष्टींत परक्या सरकारला हात घालू देणे धोक्याचे आहे. सुधारणा व्हायचीच असेल तर ती समाजाने आतून करावी. आगरकरांचे म्हणणे असे की, समाज शहाणा होईपर्यंत त्या मुलीने थांबायचे कशासाठी? तिच्यावर होणारा अन्याय आजचा आहे, आणि तो थांबवण्याचे साधन कायदाच आहे. एकाला सरकारची भीती अधिक वाटत होती, दुसऱ्याला रूढीची. दोन्ही भीती खऱ्या होत्या.

मुळशीचे धरण, महाडचे तळे

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हा वाद जमिनीवर आणि पाण्यावर आला. मुळशीला टाटा कंपनी वीजनिर्मितीसाठी धरण बांधत होती आणि सरकार भूसंपादन कायद्याने तिला जमीन मिळवून देत होते. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आदी मंडळी पुढे होती आणि ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही हलका नव्हता. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, देशी उद्योग वाढायला हवा होता आणि भरपाई मिळणार होती. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला, त्यात आणखी एक पदर दिसतो. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांचे लक्ष भरपाईच्या आकड्याकडे होते, तर कुळांचे जमिनीकडे. एकाच संपादनाचा अर्थ मालकासाठी वेगळा आणि कसणाऱ्यासाठी वेगळा होता.

महाडला प्रश्न उलट बाजूने आला. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. म्हणजे कायद्याची आडकाठी उरली नव्हती. तरीही २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर गेले, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले. त्यानंतर तळ्याच्या हक्काचा वाद दिवाणी न्यायालयात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. सरकारने बंदी उठवली म्हणून माणूस मोकळा होतोच असे नाही, हे दाखवणारा यापेक्षा ठळक दाखला शोधून सापडणार नाही.

आंबेडकरांनी हाच धागा आर्थिक जीवनापर्यंत नेला. १९४७ सालच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी बजावले की, सरकारने हात आखडता घेतला तर जमीनदाराला खंड वाढवण्याचे आणि मालकाला कामाचे तास वाढवण्याचे स्वातंत्र्य मिळते. मग कुळाला आणि कामगाराला सरकारऐवजी मालकाच्या हुकमाखाली राहावे लागते.

घटना आणि न्यायालये

घटनेने ही दोन्ही टोके बांधण्याचा प्रयत्न केला. अनुच्छेद १९ आणि २१ मुख्यतः सरकारला लगाम घालतात. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो, १५(२) विहिरी, तळी, दुकाने सर्वांना खुली करतो आणि २३ वेठबिगारीला मनाई करतो. ही कलमे खासगी माणसालाही बांधतात. पण त्याच घटनेत अनुच्छेद २२ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा आहे.

पहिली काही दशके न्यायालयांनी अनुच्छेद २१ चा अर्थ आखूड लावला. १९५० च्या गोपालन खटल्यात कायद्याने ठरवलेली पद्धत पाळली म्हणजे पुरे, असे ठरले. अपवाद होते. त्यांतला एक मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले होते. तुरुंगात त्यांनी अणुविज्ञानावर ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी पुस्तक लिहिले. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू देण्यास सरकारने नकार दिला. उच्च न्यायालय संझगिरींच्या बाजूने उभे राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली तोच निकाल कायम केला. स्थानबद्धतेच्या अटींत लिहिण्यावर आणि पुस्तक बाहेर पाठवण्यावर बंदी नसेल, तर ती अधिकाऱ्याला मनाने घालता येणार नाही. माणूस कोठडीत गेला म्हणून त्याचे सगळेच स्वातंत्र्य गेले असे नाही, हा त्यातला मुद्दा.

आणीबाणीत हा मुद्दा वाहून गेला. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवतांनी निषेधाचा आवाज उठवला. पुढे त्यांना अटक झाली. एप्रिल १९७६ मध्ये जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले की, आणीबाणी असेपर्यंत स्थानबद्धाला दाद मागता येणार नाही. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती खन्नांचे होते. बहुमतात पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यातल्या आपल्या निकालपत्रात धनंजय चंद्रचूड यांनी वडिलांच्या पीठाचा तो निर्णय चुकीचा ठरवला. त्याआधी १९७८ च्या मनेका गांधी खटल्यानेच गोपालनची चौकट मोडली होती आणि पद्धत न्याय्य व वाजवीही हवी, असा आग्रह धरला होता.

आजच्या चार भूमिका

आजच्या चर्चेत ढोबळमानाने चार भूमिका दिसतात.

पहिली भूमिका म्हणते, मला माझ्या वाटेने जाऊ द्या. दुसऱ्याला इजा होत नसेल, तर सरकारने वा समाजाने मधे पडू नये. मिलपासून आलेली ही धारा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि संततिनियमनासारख्या विषयांवर लिहिण्यापायी खटले सोसले, ते याच बळावर. तिची ताकद तिच्या सरळपणात आहे. आक्षेप असा की, ज्याच्याकडे जमीन, पैसा, शिक्षण नाही, त्याला मोकळे सोडून त्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

दुसरी भूमिका याच आक्षेपातून निघते. १९५८ साली आयझाया बर्लिन यांनी मोकळीक आणि स्वतःचा स्वामी होण्याची आकांक्षा यांत फरक केला आणि दुसरीच्या नावाखाली हुकूमशाही शिरू शकते, असे सावधही केले. अमर्त्य सेन यांनी १९९९ च्या ‘डेव्हलपमेंट ॲज फ्रीडम’ या पुस्तकात माणसाला प्रत्यक्षात काय करता येते, काय होता येते, यावर भर दिला. या दृष्टीने शाळा, दवाखाना, रोजगार ही स्वातंत्र्याचीच सामग्री ठरते. अडचण ही की, ती पुरवणारा पुरवठ्याबरोबर अटीही घालतो.

तिसरी भूमिका विचारते, तुमच्यावर मनमानी करण्याची ताकद कोणाच्या हातात आहे? तो आज चांगला वागत असेलही. पण उद्या त्याने मन बदलले तर दाद कुठे मागणार? फिलिप पेटिट यांनी १९९७ साली ही मांडणी नव्याने केली. मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी १८९० साली मिळवली, तेव्हा सुट्टी मालकाच्या मर्जीवर राहू नये हाच आग्रह होता.

चौथी भूमिका समूहाची आहे. माणूस एकटा नसतो. कुटुंब, गाव, पंथ यांनी त्याला घडवलेले असते आणि त्यांनाही आपले नियम ठरवण्याचा हक्क आहे. वारकरी परंपरेने माणसाला जी उंची दिली ती समूहात राहूनच दिली, असे या बाजूचे लोक सांगतात. समोरची बाजू विचारते की, समूहातून बाहेर पडण्याची वाट कुणासाठी किती खुली आहे?

मावळातल्या कसोट्या

आंबीहून इंद्रायणीच्या काठाने खाली गेले की इंदोरीजवळ कुंडमळा लागतो. १५ जून २०२५ ला, रविवारी, तिथला जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चौघांचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचे फलक तिथे होते. योगायोग असा की, मिलच्या ग्रंथात नेमके असेच उदाहरण आहे. पूल पडणार हे ठाऊक आहे आणि सावध करायला वेळ नाही, तर माणसाला धरून मागे ओढले तरी त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही, कारण नदीत पडण्याची इच्छा त्याला नसतेच. धोका नुसता संभाव्य असेल तर मात्र त्याला सांगावे आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. कुंडमळ्याने या उत्तरातली फट दाखवली. फलक लावला म्हणजे सांगितले असे होते का? आणि एकाचा धोका पत्करण्याचा निर्णय शेकडो जणांच्या वजनात मिसळला, तर तो एकट्याचा राहतो का?

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हाधिकाऱ्यांनी मावळ, मुळशीसह अनेक तालुक्यांतल्या पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढले. खोल पाण्यात उतरणे आणि धोक्याच्या जागी सेल्फी काढणे यांवर बंदी आली. प्रशासनाची बाजू स्पष्ट आहे. बुडालेल्याला शोधायला बचाव पथकातल्या पोरांनाच जीव धोक्यात घालून पाण्यात उतरावे लागते. टपरीवर भाजलेले कणीस आणि कांदाभजी विकून पावसाळ्यावर वर्षाचा हिशेब बसवणाऱ्याला सरसकट बंदी जाचक वाटते. कठडे, जीवरक्षक, गर्दीची मर्यादा हे उपाय आधी करा, बंदी शेवटी घाला, असे तिसरे मत आहे. न्यायालये ज्याला वाजवी निर्बंध म्हणतात, त्याचा कस इथे लागतो.

जमिनीचा प्रश्न जुनाच आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ ला मावळातले शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊर येथे उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलकांचा बळी गेला. शहराला पाणी हवे आणि धरणासाठी जमीन दिलेल्यांना आपला वाटा हवा, या दोन्ही मागण्या रास्त आहेत. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. अनुच्छेद ३००अ नुसार तो आता कायद्याने मिळणारा घटनात्मक हक्क आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संमती आणि पुनर्वसनाच्या तरतुदी आणल्या, पण त्यांना अपवादही ठेवले.

ज्यांना जमिनीऐवजी नोकरी मिळाली, त्यांची कसोटी निराळी. तळेगाव औद्योगिक क्षेत्रात जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस त्याचे उत्पादन थांबले. कारखाना बंद करण्याचे मालकाचे स्वातंत्र्य आणि नोकरीच्या भरवशावर घराचे कर्ज काढलेल्या कामगाराचे स्वातंत्र्य, हे दोन्ही एका कायद्यात बसवणे सोपे नाही.

चौथी कसोटी तरुण मुलींची आहे. वसतिगृहात मुलांना एक वेळ आणि मुलींना दुसरी, हा प्रकार देशभर चालत आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी सांगितले की, सुरक्षेच्या नावाखाली विद्यार्थिनींवर भेदभावाचे निर्बंध लादू नयेत. पालकांची काळजी खोटी नसते. पण रात्री प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात बसता आले नाही, तर त्याची किंमत मुलीच्या गुणपत्रिकेवर उतरते.

न सुटलेल्या गाठी

पहिली गाठ घरातली. रखमाबाईंवर जो उपाय लावला गेला, तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून आजही आहे. हुकूम न पाळल्यास आता तुरुंग नाही, पण मालमत्तेवर टाच येऊ शकते. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ साली हे कलम घटनाबाह्य ठरवले, तर सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ते वैध ठरवले. खासगीपणाच्या निकालानंतर त्याला पुन्हा आव्हान दिले गेले आहे. विशेष विवाह कायद्यातली तीस दिवसांची जाहीर नोटीसही याच जातीची. फसवणूक टळते असे एक बाजू म्हणते, तर घरच्यांना आणि त्रयस्थांना जोडप्याचा पत्ता आयता मिळतो असे दुसरी. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरधर्मीय विवाहांबाबत समिती नेमली, तेव्हा संरक्षण की पाळत, हाच वाद पुन्हा झाला.

दुसरी गाठ समूहाची. १९४९ च्या मुंबई कायद्याने पंथातून बहिष्कृत करण्यास मनाई केली होती. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ साली रद्द केला. २०२३ साली हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. दरम्यान जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीने लावून धरलेल्या मागणीतून महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. पंथाला आपल्या सदस्याला काढण्याचा हक्क आहे की नाही आणि काढलेल्याला गावात जगण्याचा हक्क कसा मिळवून द्यायचा, यांची उत्तरे एकमेकांशी जुळवायची राहिली आहेत.

तिसरी गाठ सुरक्षेची. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. नक्षलवादाच्या शहरी पाठीराख्यांना आवरण्यासाठी ते हवे, असे सरकार म्हणते. व्याख्या इतक्या सैल आहेत की साधे आंदोलनही त्यात ओढता येईल, असे विरोधक म्हणतात. टिळकांची सरकारविषयीची शंका आज विरोधकांच्या तोंडी आहे.

चौथी गाठ खासगी सत्तेची. अनुच्छेद १९ आणि २१ चे हक्क कंपनी, गृहसंस्था किंवा मोबाइलमधले ॲप यांच्याविरुद्ध मागता येतात का? २०२३ साली कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने होय म्हटले, पण ते प्रत्यक्षात कसे बजावायचे, हे ठरलेले नाही.

आढाव्याअंती एक गोष्ट ठामपणे सांगता येते. सरकारच्या हस्तक्षेपाविरुद्धची आपली साधने गेल्या पाऊण शतकात बरीच धारदार झाली आहेत. घर, जात, पंथ आणि मालक यांच्याविरुद्धची साधने मात्र बोथट आहेत, आणि ती वापरायची तर पुन्हा सरकारचाच दरवाजा ठोठवावा लागतो. फुले, आगरकर आणि आंबेडकर हा दरवाजा ठोठवायला तयार होते. टिळकांनी त्याच्या आड काय आहे ते आधी पाहा, असे बजावले. यापुढे कुठलाही नवा कायदा, बंदी किंवा नियम समोर आला, मग तो विधिमंडळाचा असो की वसतिगृहाचा, तर वाचकाने एवढे जरूर तपासावे : त्यात कारण लिहून देण्याची सक्ती आहे का, आणि त्याविरुद्ध अपील करायला जागा आहे का?